तात्यांची सोंगटी मारायची नाही

चल्लस-आठ हा खेळ मला मनापासून आवडतो, पण माझ्या वडिलांशी तो खेळणं ही निव्वळ शिक्षा होती. ती मी सत्तावन्न सालच्या उन्हाळ्यात सात दिवस भोगली. तेव्हा मी दहा वर्षांची होते. त्या सात दिवसांत अर्ध्या जळोचीनं मला ढ ठरवलं, आणि ठरवणाऱ्यांत माझा सख्खा बाप सगळ्यांच्या पुढे होता. त्यामुळे तात्यांविषयी लिहायला बसलं की त्यांचा कष्टाळूपणा वगैरे मला आधी आठवत नाही. आधी तो पाट आठवतो आणि डोकं तापतं.

कष्टाळू ते होतेच, नाही म्हणत नाही. नाव झुंबर. कालव्याच्या पाण्यावर अडीच एकर वांगी, दोडके आणि मिरची. पहाटे माल तोडायचा, सायकलला दोन्हीकडून टोपल्या बांधून बारामतीच्या बाजारात न्यायचा, आणि पाण्याची पाळी असली की परत येऊन वाफ्यांची दारं धरायला उभं राहायचं. त्यांना मोकळं बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. बसले की त्यांना झोप यायची, नाहीतर राग यायचा.

त्या मे महिन्यात कालव्याचं काही काम निघालं आणि पाणी आठ दिवस बंद झालं. कालव्याचं पाणी सोडणारा पाटकरी गेणबा तसं घरोघर सांगून गेला. पहिल्या दिवशी तात्यांनी सगळ्या खुरप्यांना धार लावली, गोठ्याचा कूड नीट केला, न तुटलेली दोरीसुद्धा सोडून पुन्हा वळली. दुपारी करायला काहीच उरलं नाही, तेव्हा ते माळ्यावर चढले आणि एक काळा पडलेला पाट घेऊन खाली उतरले. वरून जेवायला बसायचा साधा पाट, पण उलटा केला की खालच्या अंगाला खिळ्यानं कोरलेली घरं होती.

"रतन, हिकडं ये," ते म्हणाले. "तुला माझा ख्योळ शिकवतो."

माझं त्या वेळी वेगळंच घोंगडं भिजत पडलं होतं. जळोचीची शाळा चौथीपर्यंत. पाचवीला बारामतीला जावं लागे. चौथीत माझा पहिला नंबर आला होता, पण वर्गातल्या बाकीच्या मुलींच्या हातात केव्हाच खुरपी आली होती. माझं काय, हे आई रोज विचारायची आणि तात्या रोज "बघू" म्हणायचे. आज मात्र त्यांनी पाट फडक्यानं पुसला आणि आईला ऐकू जाईल असं म्हणाले, "मानसाचं डोकं पाटावर कळतं. हिनं खेळून दावावं. मग ठरवू पाचवीचं."

म्हणजे माझी पाचवी त्या पाटावर येऊन बसली. कुठल्या शाळेत अशी परीक्षा घेतात, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

खेळ ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पाच घरांच्या पाच ओळी. प्रत्येकाच्या चार सोंगट्या. आमच्याकडे त्या म्हणजे बांगड्यांचे तुकडे, तात्यांचे हिरवे आणि माझे तांबडे. फासे म्हणून फोडलेले चार चिंचोके. एक बाजू पांढरी, एक काळी. जितके पांढरे तितकं दान. चारही पांढरे पडले तर चल्लस, चारही काळे पडले तर आठ, आणि या दोन्हींना पुन्हा दान मिळतं. सोंगटी आधी बाहेरून पूर्ण फेरी मारते, मग आतली फेरी करते आणि मधल्या घरात जाऊन पिकते. वाटेत समोरच्याच्या सोंगटीवर आपली सोंगटी पडली तर ती मेली. तिनं आपल्या घरातून पुन्हा निघायचं. फुलीच्या घरात बसलेली सोंगटी मरत नाही. आणि मुख्य नियम असा, की समोरच्याची निदान एक सोंगटी मारल्याशिवाय आपल्याला आत जाता येत नाही. याला तोड म्हणतात. तोड नाही तर जन्मभर बाहेर फिरा.

हे सगळं तात्यांनी मला तासभर समजावून सांगितलं. मला ते आधीच येत होतं.

गेल्या दिवाळीत मी अंथुर्ण्याला आत्याकडे गेले होते. कुशाआत्या म्हणजे तात्यांची थोरली बहीण, त्यांच्याहून सहा वर्षांनी मोठी. तिनं ओट्यावर कोळशानं घरं आखून मला चल्लस-आठ शिकवला. ती असं खेळायची की समोर बसलेल्याला घाम फुटावा. निघायच्या दिवशी तिनं मला न्हाणीच्या मागं नेलं आणि माझा हात आपल्या गळ्यावर ठेवला.

"तुझ्या बापासंगं कदी खेळलीस, तर त्याची सोंगटी मारायची न्हाय. घे माझ्या गळ्याची आन."

"का गं?"

"त्याला सोसत न्हाय."

गळ्याची शपथ मोडली तर ज्याच्या गळ्याची घेतली तो मरतो, हे तेव्हा शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मी शपथ घेतली. आपले तात्या कशाला पाट मांडून बसतायत, असंच मला तेव्हा वाटलं होतं.

आता माझी गत काय झाली ते बघा. तोड केली तर आत्या मरणार. नाही केली तर सोंगटी आत जाणार नाही, म्हणजे मी हरणार, म्हणजे पाचवी बुडणार. दहा वर्षांच्या पोरीला दोन थोर माणसांनी मिळून असं कात्रीत धरलं होतं, आणि दोघांनाही त्याचा पत्ता नव्हता.

त्यात तात्यांचा खेळ. तात्या अतिशय वाईट खेळत. हे मी आज धीटपणे लिहिते. फुलीच्या घरात थांबायचं असतं हे त्यांना ठाऊकच नव्हतं. "फुलीवर भेकड बसत्यात," असं म्हणून ते चारही सोंगट्या उघड्यावर सोडून देत आणि चिंचोक्यांना फुंकर घालत बसत. "ये गं माझी बाय, चल्लस पड!" त्यांची एखादी सोंगटी माझ्या बरोब्बर पुढे दोन घरांवर यायची आणि मला नेमकं दोनाचं दान पडायचं. मी दात-ओठ खाऊन दुसरीच सोंगटी हलवायची. वर त्यांचं प्रवचन चालूच.

"आजपतुर माझी एक सोंगटी कुनी मारली न्हाय. एकबी न्हाय! इचार तुझ्या आत्याला."

"तुमी आत्याबिगर आनखी कुनासंगं खेळलाय, तात्या?"

"बरोबरीचं कुनी हाय का हितं?" ते म्हणाले. आत्या लग्न होऊन गेली तेव्हा ते नऊ वर्षांचे होते. त्यानंतर त्यांनी पाट माळ्यावर ठेवला तो आता काढला होता. पंचवीस वर्षं ते त्या नऊ वर्षांच्या विजयावर फुगत बसले होते.

पहिल्या दिवशी मी पाच डाव हरले, दुसऱ्या दिवशी सात. तिसऱ्या दिवशी तात्यांनाच कंटाळा आला, कारण समोरचा नीट लढत नसला की जिंकायलाही मजा येत नाही. मग ते मला शिकवायला लागले, आणि ते जास्त वाईट झालं.

"आगं, ही बघ माझी उघड्यावर! दिसती का? तुझं तीन पडलंय. हितनं एक, दोन, तीन. मार की!"

"मला ती दुसरी हलवायची हाय."

"का?"

"आसंच."

"आसंच!" तात्यांनी कपाळावर हात मारला. "डोळं हायत का बटनं बसवल्यात?"

चौथ्या दिवशी तर असं झालं की माझ्या तीन सोंगट्या चल्लस-आठ न पडल्यानं घरातच अडकल्या होत्या आणि फिरणारी एकच उरली होती. दान तीन पडलं आणि तिसऱ्या घरात तात्यांची हिरवी काच मजेत बसलेली. मी एक, दोन मोजलं आणि सोंगटी दोनावरच ठेवली. तात्या ताडकन उठून उभे राहिले. "पाचवीला जायाचंय म्हनं, आन तिनापतुर मोजता येईना! आगं, ऐकलंस का? तुझी पयल्या नंबराची लेक!"

आई चुलीपुढून म्हणाली, "तुमी दुसरी कायतरी कामं काढा. त्या पोरीला घाम फुटलाय."

"ढ हाय म्हनून फुटलाय!"

ओसरीवर बसलेल्याला रस्त्यावरचं ऐकू येतं तसं रस्त्यावरच्याला ओसरीवरचंही ऐकू जातं. पाणी बंद असल्यानं गाव मोकळंच होतं. माणसं येऊन टेकायची, दोन दानं बघायची, चुकचुकायची आणि जायची. मी विहिरीवर गेले तर तिथंही, "काय गं रतन, आज किती हरलीस?" गणिताचा शंभरपैकी ब्याण्णवचा कागद माझ्या दप्तरात होता आणि मला तो कुणाच्या तरी तोंडावर फेकावासा वाटत होता. आत्याचा मला इतका राग आला होता की तिच्या गळ्याला हात लावला त्याऐवजी गळा दाबला असता तर बरं, असंही एकदा मनात आलं. मग घाबरून मी मारुतीला पाच प्रदक्षिणा घातल्या.

सातव्या दिवशी दुपारी गेणबा पाटकरी आला. "उद्या सकाळी पाणी सुटतंय, झुंबरराव. पयली पाळी तुमची," एवढं सांगून तो निघून गेला असता तर पुढचं काही झालं नसतं. पण तो टेकला. तंबाखू मळत त्यानं माझी दोन-तीन दानं बघितली आणि म्हणाला, "पोरगी ढ हाय की ओ."

"व्हय," तात्या म्हणाले. "सात दिस मीबी तेच बघतोय."

"मग बारामतीला धाडून काय करनार? खुरपं द्या हातात."

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना वाईट वाटत होतं, ते मला दिसत होतं. "तसंच करावं लागंल," ते म्हणाले.

चिंचोके माझ्या मुठीत होते. मी टाकले. तीन पडले. तिसऱ्या घरात तात्यांची सोंगटी होती, उघडी, नेहमीसारखीच. मी ती उचलून त्यांच्या मांडीजवळ ठेवली आणि म्हणाले, "मेली."

मारलं की पुन्हा दान मिळतं. चल्लस पडली. चौथ्या घरात दुसरी होती. "मेली." पुन्हा टाकलं, दोन पडले. "मेली." पुढचं दान एकाचं पडलं आणि मारायला कुणी सापडलं नाही, म्हणून मी थांबले.

गेणबाच्या हातातली तंबाखू हातातच राहिली. तात्या म्हणाले, "परत मोज." मी परत मोजलं. त्यांनी स्वतः बोटानं मोजलं. मग त्या तीन हिरव्या काचा तळहातावर घेऊन ते नुसते बघत बसले. त्यांचा खालचा ओठ थरथरला. मी खोटं सांगत नाही. चौतीस वर्षांचा, एवढाल्या मुठींचा माणूस, आणि ओठ थरथरत होता. गेणबाला एकदम दुसरीकडचं काम आठवलं आणि तो गेला.

तात्या रडण्याआधी मीच भोकाड पसरलं. "आत्या मरंल आता!"

"कुनाची आत्या? का मरंल?" ते दचकून म्हणाले.

मी हुंदके देत सगळं ओकून टाकलं. दिवाळी, न्हाणी, गळा, शपथ. आई पदराला हात पुसत येऊन उभी राहिली होती. संपल्यावर तात्यांनी हळूच विचारलं, "आक्कानं लहानपनीबी मुद्दाम कदी मारली न्हाय?"

"आसंल तसंच."

"मग ती आत कशी जायाची?"

"जातच नसंल, तात्या. भाईरच फिरत आसंल."

"आक्का मनानं लई चांगली, पन डोक्यानं बेताची," हे वाक्य त्यांच्या तोंडून मी शंभरदा ऐकलं होतं. पाहुण्यांपुढे, बाजारात, खुद्द आत्यापुढेसुद्धा.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी सुटलं आणि तात्यांनी, जन्मात पहिल्यांदा, पाळी सोडली. पाट काखोटीला मारला आणि माझं मनगट धरलं. आई दारात आडवी झाली. "आठ दिस मिरची वाळाय लागलीया, आन तुमी ख्योळ घेऊन पावन्याकडं निघालाय? लोक काय म्हनतील?"

"दारं तू धर."

"मी धरतेच! माझ्याबिगर हाय कोन हितं शानं!" असं म्हणून आई फावडं घेऊन निघाली. तिचं ते वाक्य तेव्हा अगदी खरं होतं.

एस.टी.त तात्या पाट मांडीवर घेऊन बसले होते आणि एकदाही बोलले नाहीत. कंडक्टरनं विचारलं, "पाटाचं बी लगीन हाय का?" तरी बोलले नाहीत. मला सगळी वाट एकच धाकधूक होती. अंथुर्णं आलं तशी मी उडी मारून पळत सुटले. आत्या अंगणात ज्वारी पाखडत होती, चांगली जिवंत. मी तिच्या सुपात जाऊन पडले.

तिनं माझ्याकडे पाहिलं, मागून येणाऱ्या तात्यांकडे पाहिलं, पाटाकडे पाहिलं. मग मला हळूच म्हणाली, "मारलीस?"

"व्हय."

"किती?"

"तीन."

आत्यानं तोंडाला पदर लावला आणि तिचे खांदे हलायला लागले. तात्या चिडले. "हसतीस काय? सगळ्या गावाला सांगत फिरलो मी, माझी सोंगटी कुनी मारली न्हाय म्हनून!"

"मग मी सांगितलं हुतं का फिराय?"

"आक्का, का केलंस आसं?"

आत्यानं सूप बाजूला ठेवलं. "आय गेली तवा तू चार वर्सांचा हुतास. पाट मांडला की गप बसायचास, न्हायतर दिसभर हंबरडा. एकदा तुझी सोंगटी मारली आन मी म्हनलं, मेली. तू आसा वरडलास झुंबर, की शेजारची मानसं धावत आली. 'आयबी मेली, हीबी मेली' म्हनत हुतास. तवापासनं न्हाय मारली. मग सवयच पडली."

तात्या ओट्यावर बसले. पडलेल्या आवाजात म्हणाले, "हिचं पाचवीचं मी पाटावर ठरवनार हुतो. ढ हाय वाटली. मारीतच न्हवती."

आत्याचं हसू एकदम गेलं. ती उठून उभी राहिली आणि तात्यांच्या अंगावर ओरडली. मी आत्याला ओरडताना तोवर कधी ऐकलं नव्हतं.

"पाटावर? पोरीची शाळा पाटावर ठरवतोस? एकदा झालं तेवढं बास न्हाय का? तुला काय आठवनार म्हना! मास्तर आले हुते आपल्या दारात. पोरगी हुशार दिसती, शाळंत घाला म्हनले. तवा आबा काय म्हनले, ठावं हाय? 'बारक्या भावाकडनं रोज हारती, ती काय शिकनार!' बाप आपला. हसत म्हनला. मी उंबऱ्यात हुते. तोंडावर आलं हुतं माझ्या, की मी मुद्दाम हारती. पन तू समोरच बसला हुतास, सोंगट्या मांडून."

अंगणात कोंबड्या ज्वारी टिपत होत्या आणि त्यांना हाकलायला कुणी उठलं नाही. मला वाटलं, आता तात्यांचा ओठ पुन्हा थरथरणार. तसं झालं नाही. त्यांनी पाट उलटा करून ओट्यावर ठेवला, हिरव्या काचा आपल्या घरात मांडल्या, आत्याच्या पुढ्यात तांबड्या सारल्या.

"बस. आन आता मार."

"नगं रं. हात न्हाय व्हायचा."

"आक्का, मार म्हनतो ना!"

तिनं पहिल्यांदा खरंच टाळलं. दान दोनाचं, समोर उघडी सोंगटी, आणि बाई दुसरीच हलवते. मी अशी वैतागले की तिचा हात धरूनच सोंगटी पुढं सरकवणार होते. सात दिवस मी जे भोगलं ते आता डोळ्यांपुढे पुन्हा चाललं होतं. दुसऱ्यांदाही तिनं टाळलं. तिसऱ्यांदा चल्लस पडली. आत्यानं तात्यांकडे बघितलं आणि त्यांची सोंगटी उचलली.

त्यानंतर मात्र तिला आवरणं कठीण झालं. फुलीवर बसून दबा धरायची, तात्या उघड्यावर आले की झडप घालायची. दोन सोंगट्या आत नेल्या, एक पिकवली. तात्या घामाघूम झाले. "फुलीवर भेकड बसत्यात," असं एकदा पुटपुटले आणि पुढच्याच दानाला स्वतः जाऊन फुलीवर बसले. दुपार झाली, कुणी जेवायचं नाव काढेना. तिसरं माणूस म्हणून मला कुणी विचारलंसुद्धा नाही. पाट माझ्यामुळे इथवर आला होता, पण मी आपली कोंबड्या हाकत बसले होते.

तिसऱ्या डावाला तात्यांची सोंगटी आतल्या फेरीच्या तोंडाशी येऊन मेली. ते पाटावरून नजर न उचलता म्हणाले, "रतन, बारामतीची शाळा कदी उघडती?"

"दहा जूनला."

"आठ तारखंला जाऊन नाव घालू."

आत्यानं चिंचोके मुठीत घेतले, पण टाकले नाहीत. तात्यांनी हातातली मेलेली सोंगटी आपल्या घरात ठेवली आणि बराच वेळ तिथंच बोट ठेवून बसले.

"आक्का, डोकं तुझंच चांगलं हुतं. माझं न्हवतं," ते म्हणाले.

"ते मला तवाबी ठावं हुतं," आत्या म्हणाली आणि तिनं दान टाकलं.